वारं, डबा आणि माझा आडवा हात

खेळात वारं-बिरं काही नसतं, असं माझं आता ठाम मत आहे. हे मत मला रोह्याच्या मैदानावर, एका रविवारी भर दुपारी, अचानक झालं. त्याआधी जन्मभर माझं मत बरोबर उलटं होतं आणि ते मी घरादाराच्या माथी मारत आलो होतो, एवढीच काय ती अडचण.

वारं म्हणजे काय ते आधी सांगतो. कबड्डीतला एखादा संघ नुसता मार खात असतो. मधेच कुणीतरी एक बरी चढाई करतो, आणि मग काय! सातही पोरांच्या अंगात आल्यासारखं होतं. धराल ती पकड लागते, मागाल तो बोनस मिळतो, समोरचे आपले आपणच रेषेबाहेर जातात. टीव्हीवाले याला मोमेंटम म्हणतात. आमच्या पेणकडे ‘वारं शिरलं’ म्हणतात. आणि हे शिरलेलं वारं बाहेर कशाने जातं, याचा गावातला एकमेव जाणकार मी! (तरुणपणीच गुडघा गेला. अशा माणसाला कबड्डीत एकतर जाणकार करतात, नाहीतर संघाचा मॅनेजर. मला दोन्ही केलं.)

माझा नियम साधा होता. आपल्या संघात वारं शिरलं की घरच्यांनी हलायचं नाही. जो जसा बसलाय तसाच! खांब गावच्या स्पर्धेत माझ्या थोरल्या भावाचा, म्हणजे दादाचा, एक पाय उन्हात होता. तो मी शेवटपर्यंत उन्हातच ठेवायला लावला. पाय भाजला, पण कप घरी आला. तेव्हापासून घरात माझ्या शब्दाला वजन आलं. आधी ते अजिबात नव्हतं आणि आताही नाही.

आमचा हुकमी चढाईपटू म्हणजे दादाचा मुलगा दत्ता. नागोठण्याकडच्या एका कंपनीत तो कंत्राटावर होता. कंत्राट संपलं की गेटपास काढून घ्यायचे, आणि नवीन मिळेपर्यंत पोरगं ओट्यावर बसून असायचं. त्या दिवसांत दादा त्याच्याकडे बघायचा टाळायचा आणि वहिनी त्याच्या ताटात नको तेवढा भात वाढायच्या. दत्ता तो गुपचूप खायचा. मला ते जेवण बघवायचं नाही.

एक दिवस त्याने जेवता जेवता सांगितलं, ‘‘कंपनीच्या टीमला चढाईवाला पायजेल हाय. साहेब रोह्याला फायनल बघायला येणार हायत. पसंत पडलो तर पर्मनंट.’’

वहिनी उठल्या आणि देवापुढे साखर ठेवून आल्या.

रविवारी आम्ही सगळे जीपने रोह्याला. मी संघाच्या बाकावर, घरची मंडळी मैदानाच्या पलीकडच्या बाजूला, माझ्या बरोबर समोर. साहेब मांडवाच्या सावलीत खुर्चीवर. आणि सामना सुरू झाल्यावर आमच्या पोरांना झालं तरी काय, देव जाणे! दत्ता गेला की पकडला जायचा, आत आला की पुन्हा पकडला जायचा. समोरच्यांनी लोण चढवला, म्हणजे आमचे सातच्या सात बाहेर! साहेबांनी खिशातून मोबाईल काढला आणि त्यात डोकं घातलं. पलीकडे दादा जमिनीकडे बघत बसला होता. बाप असा बसलेला बघवत नाही हो.

मध्यंतरानंतर दत्ताने एका चढाईत दोघांना टिपलं. पाठोपाठ आमची पकड लागली. मी ताडकन उठलो. आलं! शिरलं! दोन्ही पंजे वर करून पलीकडे खूण केली, जागचे हलू नका!

सगळे थिजले. दादा नेमका माशी हाकलत होता, त्याचा हात तसाच कानाशी राहिला. माशी पुन्हा येऊन नाकावर बसली. वहिनींनी तोंडात पाण्याचा घोट घेतला होता. ‘गिळू का?’ असं त्यांनी डोळ्यांनी विचारलं. मी मान हलवली, नाय! माझी बायको कुंदा डबा उघडून उभी होती. (डब्यात वालाचं बिरडं. एवढं सांगितलं की रायगडातल्या माणसाला पुढचं सगळं समजेल.)

आणि गुण यायला लागले! दत्ता जातोय, टिपतोय, येतोय. लोक उभे राहिले. साहेबांनी मोबाईल खिशात टाकला, खुर्ची पुढे ओढली. आम्ही एका गुणाने मागे, त्यांचे मैदानात उरले दोन, तेही गुडघ्यावर हात टेकून धापा टाकणारे. अजून एक चढाई, की लोण! दादाचा हात अजून कानाशीच, वहिनींचे गाल फुगलेले, डोळ्यांतून पाणी.

तेवढ्यात तो कुत्रा आला.

पिवळा, हडकुळा, सरळ कुंदाच्या डब्याकडे. कुंदा माझ्याकडे बघायला लागली. हलायचं तर नाही, पण कुत्रा तर आला! इतक्या गोंगाटात ओरडून काय ऐकू जाणार? मी हातांनी सांगितलं. डाव्या हाताची बोटं उभी धरली, म्हणजे डबा. उजवा तळवा त्याच्यावर आडवा ठेवला, म्हणजे झाकण. लाव झाकण! (नियम माझा आणि मोडत होतो मीच. पण बिरडं होतं हो! आदल्या दिवशी दोन्ही जावांनी बसून वाल सोलले होते.)

पंचाची शिट्टी वाजली.

‘‘टाइम-आउट! पेण!’’

‘‘नाय नाय नाय!’’ मी धावलो. ‘‘अवो, झाकण! डब्याचं झाकण लाव म्हनतोय मी!’’

‘‘मॅनेजरनं हातांनी टी केला, टाइम-आउटची खूण,’’ पंच म्हणाला. ‘‘आता मागं घेता येत नाय.’’

‘‘अवो, कुत्रा...’’

‘‘काका, मागं सरा.’’

समोरच्या दोघांना खाली बसवलं, पाणी पाजलं, त्यांच्या कोचने कानात काहीबाही सांगितलं. जाता जाता तो मला म्हणाला, ‘‘लय उपकार झालं, शेठ.’’ पलीकडे कुत्र्याने तोंड घातलं ते थेट डब्याच्या तळाशी.

शिट्टी झाली, दत्ता चढाईला गेला, आणि त्या दोघांतल्या एकाने त्याचा घोटा असा धरला की आमचा सामना तिथेच संपला. उरलेली मिनिटं आम्ही नुसते हरत होतो.

साहेब चांगले होते. दत्ताच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, ‘‘खेळतोस छान. पण मधे थांबवलं की गार पडतोस. पुढच्या वर्षी बघू.’’ आणि घोटा धरणाऱ्या पोराला बाजूला घेऊन गेले.

परतताना जीपमधून नागोठण्याजवळ कंपनीची धुराडी दिसली, तेव्हा सगळ्यांनी एकदम दुसरीकडे तोंडं फिरवली. शेवटी मलाच राहवेना.

‘‘दादा, खरं सांगू? वारं-बिरं काय नसतंय.’’

‘‘नसतंय?’’ दादा हळूच म्हणाला. ‘‘मग माझा पाय कुनी भाजला?’’

‘‘नशीब समजा भाऊजी,’’ वहिनी म्हणाल्या, ‘‘माझ्या तोंडात पानी होतं. नायतर तिथंच बोलले असते.’’

फक्त दत्ता माझ्या बाजूने बोलला. ‘‘काका, मनाला लावून घेऊ नका. माझा दम संपला होता. तो टाइम-आउट मलाच हवा होता.’’ खोटं बोलत होता पोरगा. खोटं बोलताना तो लहानपणापासून नाक चोळतो. मला रडू आलं, ते मी खोकल्यात घातलं.

पुढचं वर्षभर मी वाऱ्याचा कट्टर वैरी होतो. चहाच्या टपरीवर, न्हाव्याकडे, लग्नाच्या पंगतीत, जिथे माणूस सापडेल तिथे पटवून द्यायचो. प्रत्येक चढाई वेगळी! मागच्या चढाईचा पुढच्या चढाईशी संबंध काय? नाणं उडवलं तरी लागोपाठ छापा पडतो की! नाण्यात काय वारं शिरतं?

‘‘नाण्याला घरी येऊन वहिनींना तोंड दाखवायचं नसतं,’’ कुंदा म्हणाली.

दत्ता दोनदा ओट्यावर बसला, दोनदा पुन्हा कामावर गेला. मी वाद जिंकत नव्हतो. कसा जिंकणार? वारं नव्हतं म्हणावं तर पोरगा आपल्याच खेळाने हरला, आणि होतं म्हणावं तर ते मी घालवलं. पोराला वाईट म्हणवत नव्हतं आणि स्वतःला वाईट म्हणायची तयारी नव्हती.

मग पुन्हा स्पर्धा आली. साहेब पुन्हा येणार होते.

‘‘तू येऊ नको रं,’’ दादा म्हणाला. रागाने नाही, हात जोडून म्हणाला.

मी घरी थांबलो. माझ्यावर लक्ष ठेवायला कुंदाही थांबली. अख्खी दुपार मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो होतो, चुकून कुठे काही खूण व्हायला नको. शेवटी फोन वाजला. दादा होता. मागे लाऊडस्पीकर, लोकांचा गलका.

‘‘हरलो रं,’’ दादा म्हणाला. ‘‘चांगलं वारं शिरलं होतं. मधेच गेलं. कशानं गेलं, कळलंच नाय. साहेब निघून गेले.’’

काय सांगू तुम्हाला! वर्षभराचं ओझं उतरलं माझं.

‘‘बघ!’’ मी उडी मारून ओरडलो. ‘‘बघ दादा! मी तिथं नव्हतो! माझा काय संबंध नाय!’’

माझी उडी बघून कुंदा चुलीपुढून पदर सावरत धावत आली. तिचा चेहरा असा फुलला होता, असा फुलला होता...

‘‘जिंकला काय वो आपला दत्ता?’’

‘‘नाय गो,’’ मी म्हणालो. ‘‘मी जिंकलो!’’

दादाने अजून फोन ठेवला नव्हता.