आबांचं छप्पर, शेटजींचं छप्पर

सावद्यात कोणाचं कोणाशी वाजलंय, हे पारावर बसणाऱ्यांना विचारण्यात अर्थ नाही. ते तिखटमीठ लावून सांगतात. खरी बातमी हवी तर मान वर करून हितेंद्र चौधरीच्या थाळ्या बघाव्यात. हितेंद्र गावाला इंटरनेट पुरवतो. त्याच्या खोलीतून निघालेलं नेट छपराछपरांवरच्या पांढऱ्या थाळ्यांवरून उड्या मारत घरोघर जातं. एका छपरावरची थाळी दुसऱ्या छपराकडे तोंड करून उभी, दुसऱ्यावरची तिसऱ्याकडे. आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन घरांच्या थाळ्यांनी एकमेकींकडे पाठ केलेली दिसली, की समजून घ्यावं: खाली कधीतरी बांधावरून, सोयरिकीवरून नाहीतर केळीच्या भावावरून मोठा आवाज झालाय.

सगळ्यात ताठ पाठ होती लोटन आबांच्या आणि सुरेशचंद शेटजींच्या थाळ्यांची.

दोघंही केळीचे व्यापारी. दोघंही सकाळी दिल्लीला भाव कळवणार आणि मग ट्रक भरणार. एकदा आबांनी दिल्लीला कळवलेल्या भावापेक्षा जरासा कमी भाव शेटजींनी त्याच गिऱ्हाइकाला कळवला. योगायोग असेल, नसेल. पण आबांनी गळ्यातला गमछा झटकला आणि ओट्यावरून जाहीर केलं, "माह्या घरातून भाव फुटून राह्यला! हवेतून ऐकते तो मारवाडी!" शेटजी दुकानातून ओरडले, "आमी कशाला ऐकणार? तुमी एवढ्या मोठ्यांदी बोलता, ते रावेरला बी ऐकायला येतं!" त्यानंतर दोघांनी एकमेकांशी बोलणं सोडलं. एकमेकांविषयी मात्र दिवसभर बोलत.

या भांडणात हितेंद्र कसा अडकला, ते सांगायला हवं, कारण त्यात त्याची हुशारीच नडली.

फैजपूरला कॉलेजात असल्यापासून त्याला दोन गोष्टींचा नाद. पहिली, नेटने आपली वाट आपणच शोधावी. एक छप्पर बंद पडलं तर दुसऱ्यावरून जावं, कुणी उठून बटण दाबायला नको. अशी व्यवस्था त्याने स्वतः लिहून काढली होती आणि तिला नाव दिलं होतं वाटाड्या. दुसरी गोष्ट म्हणजे डबी. पाठवणाऱ्याकडे मजकूर डबीत बंद व्हायचा आणि घेणाऱ्याकडेच उघडायचा. मधल्या छपरांवरून नुसती बंद डबी जायची. किल्ली, म्हणजे पासवर्ड, फक्त दोन टोकांना. अशा व्यवस्था जगात आहेत, हे हितेंद्रला माहीत होतं. पण सावद्यातल्या वाऱ्याला, धुळीला आणि दिवसाआड जाणाऱ्या विजेला पुरून उरेल अशी त्याने आपल्या हाताने बसवली होती, आणि त्याचा त्याला फार अभिमान.

तो आबांना समजावायला गेला. "आबा, तुमची डबी शेटजींच्या छपरावरून गेली तरी त्यांना उघडता येणार नाही."

आबांनी सुपारी कातरत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "डबी चांगली आसंन रे भो. पन डबी नेनारा कोन शे, ते पाहा लागते. डबीवर कोन इस्वास ठेवते? तुह्यावर ठेवतो. कानबाईची आन घे, माह्यं समदं त्या मारवाड्याच्या छपराहून जानार न्हाई."

हितेंद्रने देवीची आण घेतली. काय करणार, आबांच्या घरचा चहा अर्धा पोटात गेला होता.

शेटजींना कळायला दुपारही व्हावी लागली नाही. त्यांनी त्याला दुकानातल्या गादीसमोर उभं केलं. "त्यांच्यासाठी आण घेतली, हाय का नाय? मग आमी काय परके? गादीला हात लावा, हितेंद्रभाई. बोला, शेटजींचा माल लोटनच्या छपरावर पाय बी ठेवणार नाय."

त्याने गादीला हात लावला.

त्यांचं ऐकून बाकीच्यांनीही त्याला आपापल्या भांडणांच्या आणा घ्यायला लावल्या. झालं! जो वाटाड्या आपली वाट आपण शोधणार होता, त्याला इथून जायचं नाही, तिथून जायचं नाही, अशा कुंपणांत हितेंद्रनेच बांधून टाकलं. आबांचं नेट पिठाच्या गिरणीवरून वळसा घेऊन जाऊ लागलं, शेटजींचं पाण्याच्या टाकीवरून. गिरणीची वीज गेली की आबा बंद. टाकीवरची थाळी वाऱ्याने हलली की शेटजी बंद. मग हितेंद्रने धावत जाऊन हाताने वाट बदलायची, आणि काम झालं की पुन्हा कुंपण घालायचं. किल्ल्या तरी लोकांनी आपल्याकडे ठेवाव्यात? "तूच ठेव रे भो, आम्हाले काय कयते त्यातलं," असं म्हणून सगळ्यांनी त्याच्याकडेच दिल्या. गावाचं गुपित हितेंद्रच्या खिशात, आणि हितेंद्र गावाच्या खिशात.

इथवर तोही हसून सांगायचा. हसू आटलं ते त्याच्या बायकोची, भूमिकाची, बदली धुळ्याला झाली तेव्हा.

भूमिका सरकारी दवाखान्यात नर्स. माहेर शिंदखेड्याकडचं, बोलणं अहिराणी, आणि रोखठोक. तिने देवपुरात खोली घेतली, मुलीला, नूतनला, बरोबर नेलं आणि हितेंद्रला सांगितलं की मागून या. तिथे त्याला काम मिळण्यातही अडचण नव्हती. तो निघायचा. भुसावळ, जळगाव, एरंडोल असं करत बस पारोळ्याला पोचायची. किल्ल्याचा बुरूज दिसला की फोन वाजायचा.

"हितेंद्रभाई, टाकीवरचं गेलं. दिल्लीवाला फोनवर थांबलाय. कुठे हाय तुमी? पारोळा? अरे वा, मग लांब कुठे!"

किंवा, "काय भो, कोठी शे तू? गिरनीची लाइट गेली. येय लवकर."

आणि हितेंद्र पारोळ्याला उतरून उलट दिशेची बस पकडायचा. तिथला उसाचा रसवाला त्याला ओळखू लागला. "काय, पुन्हा घरला? की पुन्हा घरून?" असं विचारून तो दात काढायचा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत भूमिकाने शेवटचं सांगून टाकलं. "शाळा सुरू व्हवाना आत येतस ते या. नहीं ते आम्हीन दोन्ही शेतस, तेवढं घर भरेल समजसू." आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात वादळ झालं. केळीच्या बागा आडव्या झाल्या, आणि शेटजींच्या गोदामावरची थाळी वाकून खाली बघू लागली. हितेंद्र शिडी लावून वर चढला. पत्रा असा तापलेला, की त्यावर भाकरी टाकली असती तर फुगली असती. थाळी सरळ करता करता त्याने खाली उभ्या असलेल्या शेटजींना सांगूनही टाकलं, "शेटजी, या महिन्यात मी धुळ्याला जातोय. कायमचा. दुसरा माणूस बघा."

खाली काहीतरी घासल्याचा आवाज झाला.

काम संपवून तो कडेला आला, तर शिडी नव्हती.

"शेटजी! शिडी?"

"सिडी?" शेटजींनी आजूबाजूला असं पाहिलं, जणू शिडी हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच ऐकला होता. "हमाल लोक घेऊन गेले वाटतं, ट्रकवर ताडपत्री बांधायला. येतील. तुमी बसा ना वर, हवेशीर हाय. ताक पाठवू?"

थोड्या वेळाने दोरीला बांधलेली बादली वर आली. तिच्यात ताकाचा तांब्या आणि केळीची एक फणी. हितेंद्र गोदामावरच्याच एका छोट्या टाकीच्या हातभर सावलीत पाय आखडून बसला. खालून शेटजींचा आवाज येतच होता. "आमी तुमाला घरच्यासारखं ठेवतो, हाय का नाय? धुळ्यात कोण ताक देणार? शेवटी किल्ल्या तुमच्याकडे हाय हितेंद्रभाई, किल्ल्या घेऊन माणूस असा जातो का?"

तेवढ्यात भूमिकाचा फोन.

"कोठे शेतस?"

"छपरावर."

"मंग उतरा ना."

"शिडी नाही."

 मागे नूतन काहीतरी गुणगुणत होती, तेवढं ऐकू येत होतं. मग भूमिका म्हणाली, "नूतनले काय सांगू? शिडी नहीं म्हनीसन बाप उना नहीं, आसं सांगू?"

फोन ठेवल्यावर हितेंद्र गावाकडे बघत राहिला. वरून सगळं दिसत होतं. शेटजींच्या गोदामासमोर, अगदी हाकेच्या अंतरावर, आबांचं चार मजली घर. त्यांच्या गच्चीवर वाळत घातलेले पापड मोजता आले असते. तिथली थाळी आणि इथली थाळी एकमेकींकडे पाठ करून, मान फिरवून, उन्हात जळत उभ्या. त्यांना कुंपण त्याने घातलं होतं. आपल्या हाताने. आणि मग स्वतः त्या कुंपणाच्या आत येऊन बसला होता, ताक पीत.

त्याने मोबाइल काढला; गावात असलं तरच वाटाड्या त्यावरून हाताळता यायचा. पहिलं कुंपण आबांचं. ते काढताना कानबाईची आठवण झाली आणि बोट थबकलं. मनातल्या मनात त्याने हात जोडले, आणि काढलं. मग शेटजींचं. मग गिरणीवाल्याचं, मग बाकी सगळ्यांचं. हाताशी होती ती थाळी वळवून तिचं तोंड आबांच्या घराकडे केलं. तिकडची आबांच्या सुनेने, दिपमालाने वळवली. ती आबांचा संगणक सांभाळायची. तिला फोन केला तर म्हणाली, "भाऊ, मी कधीची वाट बघतेय. आबा झोपलेत, लगेच जाते." पापडांतून वाट काढत ती आली आणि थाळी फिरवून गेली.

उन्हं कलली तेव्हा शिडी आली. हमालांना विचारलं तर म्हणाले, शेटजींनीच न्यायला सांगितली होती.

पुढचा आठवडा हितेंद्रला झोप लागली नाही. दर सकाळी आबांचा भाव शेटजींच्या छपरावरून दिल्लीला जात होता आणि शेटजींचा आबांच्या. गिरणीची वीज दोनदा गेली, टाकीवरची थाळी एकदा हलली. वाटाड्याने आपला आपण रस्ता बदलला. कुणाचाच फोन आला नाही, आणि हेच त्याला सहन होईना. आण मोडलेला माणूस रोज आबांच्या ओट्यावर बसून चहा पीत होता.

शेवटी त्याने शेटजींना आबांच्या ओट्यावर बोलावलं. आबांच्या तब्येतीचं कारण सांगितलं. मोडलेल्या एवढ्या आणांत आणखी एक खोटं काय जड. शेटजी आले, आबांना ठणठणीत पाहिलं आणि परत वळायच्या आत हितेंद्रने सगळं सांगून टाकलं.

शेटजी पायरीवरच थांबले.

"आबा," हितेंद्र म्हणाला, "काल शेटजींनी दिल्लीला काय भाव कळवला?"

"मले कसं कयीन?"

"शेटजी, आबांनी काय कळवला?"

"आमाला काय म्हाईत!"

"तुमच्याच छपरावरून गेला. आठवडाभर जातोय. डबी उघडत नाही, हेच सांगत होतो मी. आता माझी गरज—"

पण त्याला वाटलं होतं तसं काही झालं नाही. डबीकडे कुणी पाहिलंच नाही.

"कानबाईची आन घेतली होती ना तू?" आबा उठून उभे राहिले.

"गादीला हात लावला होता! आमच्या गादीला!" शेटजी.

"माह्या घरचा चहा पेला यानं रोज!"

"आमचं ताक!"

"असा मानूस पाह्यला का तुम्ही कधी, शेटजी?"

"कधी नाय पायला, आबा! आपल्या दोघांला एकदम फसवलं!"

कित्येक वर्षांनी बोलले ते दोघं, आणि तेही एका सुरात. मधे उभ्या असलेल्या हितेंद्रला दोघांपैकी एकाकडेही बघवेना. ऐकायचं होतं ते वेगळंच. पटलं रे बाबा, तुझी डबी खरी, एवढंच. ते काही कुणी म्हटलं नाही.

"किल्ली काढ," आबा म्हणाले. "बदलून टाक. तुह्याकडं एक बी नको."

"आमची बी. आत्ताच. आमच्या डोळ्यासमोर." शेटजींना काहीतरी सुचलं. "नाय, नाय! तुमी तोंड फिरवा!"

मग गंमत अशी झाली, की हितेंद्र भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि मागे दिपमालाच्या संगणकावर आबा आणि शेटजी पाळीपाळीने आपली नवी किल्ली एकेका बोटाने टाइप करू लागले. आबा टाइप करताना शेटजींनी डोळे मिटले. शेटजी टाइप करताना आबांनी. दिपमालाने काय दाबायचं ते तोंडाने सांगायचं, बघायचं नाही. "दिपमाला, तू बी तिकडं पाह्य," आबा दर थोड्या वेळाने बजावत होते.

"आणि छपरं?" दिपमालाने भिंतीकडे बघतच विचारलं. "पुन्हा बंद करायची का? आठवडाभरात एकदाही नेट गेलं नाही, आबा."

आबांनी शेटजींकडे पाहिलं. शेटजींनी वर छपराकडे.

"चालू शे ते चालू राहू दे," आबा म्हणाले. "पन हा नको. याच्यावर इस्वास न्हाई राह्यला."

भिंतीच्या निळ्या रंगाचा पोपडा हितेंद्रच्या नाकासमोर होता. तो पोपडा बघता बघता त्याच्या लक्षात आलं, की खिसा रिकामा झालाय. डोळ्यांत पाणी होतं. पण पाठमोऱ्या माणसाचं कोण बघतं?

दुसऱ्या दिवशी तो निघाला. पोचवायला कुणी आलं नाही. शेटजी दुकानाच्या दारात उभे होते, त्यांनी गल्ल्याकडे तोंड केलं. भुसावळ गेलं, जळगाव गेलं, एरंडोल गेलं. पारोळ्याचा बुरूज दिसला. हितेंद्रने मोबाइल हातात घेऊन ठेवला. बस थांबली. रसवाल्याने खिडकीतून त्याला पाहिलं आणि ग्लास विसळायला घेतला. फोन वाजला नाही. बस सुटली, तरी वाजला नाही. रसवाला विसळलेला ग्लास हातात धरून बघत राहिला.

मग हितेंद्रनेच फोन लावला.

"दिपमाला, चालू आहे ना सगळं? वारा दिसतोय इकडे. टाकीवरची थाळी जरा—"

"भाऊ," दिपमाला हळू आवाजात म्हणाली. मागून दोन म्हाताऱ्यांच्या एकदम बोलण्याचा गलका येत होता. "आबा आणि शेटजी इथंच बसलेत. तुम्हाला काही सांगायचं नाही, असं ठरलंय."