कावून

मुलांनो, राग येणारी माणसं बीडमध्ये गल्लोगल्ली सापडतील, पण राग पाळणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. ते म्हणजे आमची वरची. लोक म्हैस पाळतात तसा तिनं राग पाळला होता. सकाळी उठून आधी त्याला चारा घाली आणि मग स्वतः चहा घेई. तुमच्या बाबाची वरची खोली रिकामी पडली होती, ती मी तिला भाड्यानं दिली, म्हणून ती 'वरची'. वय चाळिशीच्या आसपास, तलवाड्याकडच्या एका शाळेत पहिलीच्या वर्गाची शिक्षिका, आणि उरलेल्या वेळात भाषा आणि शिक्षण या विषयात पीएच.डी. करणारी. खोली बघायला आली तेव्हा मी माझ्या शिस्तीप्रमाणे नियम सांगितले. पाणी सकाळीच भरून ठेवायचं, गच्चीचं दार लावून घ्यायचं, जिन्याखाली चपला ओळीत काढायच्या. तिनं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "चपला ओळीत कावून?" आमच्या इकडे 'का'ला 'कावून' म्हणतात. मी खोलीची किल्ली काढून दिली. तिच्या चपला शेवटपर्यंत तिरक्याच राहिल्या.

तिच्या रागाला विषय लागत नसे असं म्हटलं तर अन्याय होईल. विषय एकच होता, फक्त तो तिला सगळीकडे दिसे. एकदा आम्ही दोघी रिक्षातून बाजाराला निघालो होतो. वाटेत एका क्लासचा फलक होता: 'गावठी बोलणे सोडा, यशाशी नाते जोडा.' तिनं रिक्षा थांबवली, खाली उतरली आणि क्लासच्या पायरीवर उभी राहून मालकाशी असं भांडण काढलं की आतली पोरं वह्या मिटून खिडकीत आली. "तुमची आई घरात कसं बोलती?" हा तिचा पहिला प्रश्न होता, त्यावरून पुढचं ओळखा. शेवटी रिक्षावालाच कंटाळून म्हणाला, "मॅडम, लई झालं. आता एक तर त्यांना सोडा, न्हाई तर मला सोडा."

पण तो फलक परवडला, इतका तिला पाठ्यपुस्तकांचा राग. पुस्तकातल्या बागेच्या चित्रात एक कारंजं होतं. चाचणीत मुलांना विचारलं, हे काय आहे? तिच्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, "पाइपलाइन फुटली." तपासायला आलेल्या साहेबांनी उत्तर चूक धरलं. त्या संध्याकाळी वरची जिना अशी चढली की माझ्या मांडणीतली पातेली वाजली. मी हाक मारली तशी खाली आली आणि उभ्यानंच बोलायला लागली. "काकू, जिनं उडतं पानी फक्त पाइप फुटल्यावर बगितलं, तिनं दुसरं काय म्हनावं? आन ती पुढं काय म्हनली ते त्या सायबानं ऐकलं बी न्हाई. म्हनली, बाई, पळा, घागर आना!"

प्रमाण मराठी तिला येत नव्हती असं समजू नका. उत्तम येत होती. पण ती तिनं पैठणीसारखी घडी घालून ठेवली होती, कार्यापुरती. एरवी बोलायची ती आईच्या घरची भाषा, आणि तीही अशा ठसक्यात, की ऐकणाऱ्यानं आपलंच काही चुकलं असावं असं समजावं.

तिच्या प्रबंधाचा विषय सांगते. पहिलीत नवीन आलेली मुलं वर्गात काय काय विचारतात, ते तिनं टेप करून ठेवलं होतं. पाल कावून चिकटती, सूर्य कावून पडत न्हाई, बाई, तुमी कावून रडलात. आणि दर वेळी कुणी तरी मोठं माणूस सांगतं, "कावून न्हाई, 'का' म्हण." मूल 'का' म्हणायला शिकतं. पण तोवर त्याला जे विचारायचं होतं ते विचारायचं राहून जातं, आणि हळूहळू ते काही विचारेनासंच होतं. हे तिचं म्हणणं. त्या टेप ऐकत ती एकेका मुलाचा आवाज काढून वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणे आणि लिहून काढी. शेजारच्या बाईंना वाटलं, मी वर शिकवणी उघडलीय. त्या नातवाचं नाव घालायला आल्या होत्या.

आता त्या माणसाबद्दल लिहायला हवं, आणि त्याबद्दल मी नीटनेटकं लिहीन असं वचन देत नाही. तिचे मार्गदर्शक दूरच्या एका विद्यापीठात होते. सुट्टी टाकून, एसटीनं धक्के खात ती जायची आणि त्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून परत यायची. अखेर त्यांनी प्रबंध वाचला आणि निकाल दिला: 'कावून' जिथं जिथं आहे तिथं तिथं 'का' करा, शीर्षकातसुद्धा. नाही तर सही नाही. मुदत संपत आली होती. सही नाही तर पदवी नाही, आणि इतक्या वर्षांचं काम माळ्यावर. वरची त्या दिवशी ओरडली नाही. ओसरीवर बसून एवढंच म्हणाली, "टेपमधी पोरगं 'कावून' म्हनतंय. कागदावर मी 'का' लिहू? मंग त्याचं तोंड दुसऱ्यांदा दाबलं की मी."

पुढच्या खेपेला मी तिच्याबरोबर गेले. तुमच्या बाबाच्या दहावीनंतर मी कुणावर आवाज चढवलेला नव्हता. खळ दिलेली सुती साडी नेसले आणि गेले. ती गृहस्थापुढे उभी राहून बोलत होती, आणि गृहस्थ मोबाईलमध्ये बघत म्हणत होते, "अहो बाई, एक अव्यय! एक अव्यय बदलायला एवढा त्रास?" माझं डोकं फिरलं. हैदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी घोटून घेतलेलं माझं इंग्रजी इतकी वर्षं मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावण्याच्या कामी येत होतं. ते मी सगळं त्या माणसाच्या टेबलावर ओतलं. तो उठून उभा राहिला. खुर्ची पुढे केली, चहा मागवला, आणि एक शब्दही न बदलता सही केली.

मी खुशीत होते. वरची बसस्टँडपर्यंत माझ्या चार पावलं पुढे चालली. मी म्हटलं, "अगं, झाली ना सही?"

"झाली," ती म्हणाली. "माझ्या मराठीला बसा म्हनले न्हाईत. तुमच्या इंग्रजीला उठून उभे ऱ्हायले. मंग सही कुनाला झाली, काकू?"

एसटीत ती वेगळ्या बाकावर बसली. मी डब्यातली भाकरी पुढे केली, ती मात्र घेतली, आणि खिडकीबाहेर बघत रागानं खाल्ली. मुलांनो, त्या माणसाचा मला अजून राग येतो. हे लिहिताना पेन कागदात रुततं आहे.

शेवटच्या तोंडी परीक्षेला मी मागच्या रांगेत बसले. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर आणि सभ्य होते. प्रबंध चाळत त्यांनी विचारलं, "तुमची मुलं दर वेळी कावून प्रश्न विचारतात. एवढ्याशा मुलांना इतकं चिडायला काय झालं?" त्यांच्याकडे कावणं म्हणजे चिडणं, आणि 'कावून' म्हणजे चिडून. सगळे हसले. वरची हसली नाही.

ती म्हणाली, "सर, आमच्याकडं कावून म्हंजी का. तेवढंच विचारतेत. उत्तर न्हाई मिळालं की मंग तुमच्यावालं कावतेत."

परीक्षक थांबले, मग स्वतःशीच हसले. म्हणाले, "छान. पण शब्दाखाली एक तळटीप द्या, वाचकाला कळायला हवं."

"प्रबंधात 'क्लासरूम' लिवलंय, सर. त्याला कुनी टीप मागितली न्हाई."

टीप न देताच पदवी मिळाली. शाळेनं शाल-श्रीफळ दिलं आणि दारावरच्या फलकावर तिच्या नावाआधी 'डॉ.' रंगवलं. त्याच्याच खाली पूर्वीपासूनची ओळ तशीच होती: 'शाळेत शुद्ध बोलावे.' आल्यावर तिनं ती शाल माझ्या खुर्चीवर टाकली आणि त्या ओळीच्या रागात त्या आठवड्यात माझी उसनी नेलेली दोन पातेली करपवली.

उन्हाळ्यात तिची बदली आष्टीला झाली. तिकडे ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं निम्मं वर्ष आईबापांबरोबर फडावर असतात आणि परत येतात ती आणखी तीन गावांची बोली घेऊन. हे ऐकूनच तिला आधी राग आला आणि मग हुरूप. मी तिला स्टँडवर पोचवायला गेले. टेपची पेटी तिनं मांडीवर घेतली होती. गाडी सुरू झाली तशी तिनं खिडकीतून माझ्याकडे नीट पाहिलं आणि कपाळाला आठी घालून ओरडली, "काकू, रडताय कावून?"

"कावूनच," मी म्हटलं.

गाडी वळली. तिला कुठला अर्थ लागला, कोण जाणे. जिन्याखाली आता सगळ्या चपला ओळीत असतात.