सगळं गाव मी, ती एकटी

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं केलेलं काम म्हणजे मेथी निवडली. हॅम्बर्गमध्ये मेथी नेहमी मिळत नाही, म्हणून सुमन खुशीत होती. शिवाय मराठी मंडळाच्या नाटकात तिला काम मिळालेलं. कुणा अमेरिकन बाईनं लिहिलेलं नाटक, मराठीत केलेलं. एक बाई स्वतःच्या मनानं जगायला बघते आणि सगळं गाव तिच्यावर उठतं. ती बाई सुमन. मेथी निवडता निवडता तिचा सराव चाललेला, गावाची वाक्यं मी वाचायची. चौथी शिकलेला माणूस मी, अडखळत होतो.

"अहो, गाव असं चाचरत बोलतं का? दटावा की मला!"

"जन्मभर दटावलं, तेवढं पुरे नाही का?"

"तसंच वाचा मग," म्हणाली आणि हसत सुटली.

त्याच आठवड्यात छातीत कळ आली आणि ती गेली.

गावाकडच्यांनो, पोराच्या नोकरीपायी इकडं आलो तेव्हापासून मला इथं मरायची धास्ती. तिला नव्हती. म्हणायची, "मला परत नेऊ नका. इथल्या रानात झाडाखाली ठेवा. तिकडं मी कुणाची सून, कुणाची आई. इथं मला सुमन म्हणतात."

इथं राख घरात ठेवू देत नाहीत. कुठं न्यायची ते सांगावंच लागतं. पोरगा म्हणाला, "आबा, तुम्ही म्हणाल तसं." फोनवर थोरला भाऊ ओरडला, "नदीत सोडली नाहीस तर तिला गती नाही! भावकीत तोंड कुठं दाखवू मी?"

खोटं कशाला लिहू, मी घाबरलो. ती भटकत राहिली तर? दादानं तोडलं तर? मला भाषा येत नाही, दोन गल्ल्या पलीकडं गेलो तर परतायची वाट विचारता येत नाही. रात्रभर डोळा लागला नाही. गावातलं घर डोळ्यापुढं आणलं, ओटा, चूल, सगळं. पण त्यात सुमन कुठं दिसेना.

सकाळी चहाच्या आधी दादाला फोन लावला. "दादा, सुमन इथंच राहणार." त्यानं फोन ठेवला.

शनिवार होता. पोराला आणि नातीला घेऊन रानातल्या दफनभूमीत गेलो, तिथं झाडाच्या मुळाशी राख पुरतात. तिथल्या माणसानं बीच म्हणतात त्या जातीचं एक उंच झाड दाखवलं. नातीला म्हटलं, "विचार त्याला, शेजारची जागा मोकळी आहे का."