चुलीजवळचे राखणदार

सातुर्निना माझी शेजारीण. भिंत लिंपावी तर तिनेच. माती, बारीक चिरलेलं गवत आणि निवडुंगाचा चिकट गर पायांनी तुडवून ती असा गिलावा करते की त्यात नखही शिरत नाही. घरात कुठे भेग दिसली की बाईच्या घशाखाली घास उतरत नाही, कारण भेगेत विंचुका राहते. हा किडा दिवसा लपतो, रात्री माणसाचं रक्त पितो आणि चावेल तिथेच हगून ठेवतो. त्या घाणीतून रोग अंगात शिरतो आणि वर्षानुवर्षं गुपचूप काळीज पोखरतो. तिचा नवरा कासिमिरो तसाच गेला. बटाटे काढता काढता सरीत बसला, तो उठलाच नाही.

तेव्हापासून तिने विंचुकांशी उभा दावा मांडला. छपरावरचं गवत काढून पत्रे घातले. तसबिरीमागे किडा दडतो म्हणून मारियामातेलाही भिंतीवरून उतरवलं.

"अगं, देवीला तरी सोड!" मी म्हटलं.

"देवीला मी खुर्ची दिलीय. तुला तर तेवढीही देत नाही."

तिचा मुलगा एफ्राइन कोचाबांबा शहरात गवंडीकाम करतो. यंदा त्याची बायको नोएमी तान्ह्या मुलीला घेऊन पेरणीपर्यंत इथे राहायला यायची होती. तिने आधीच बजावलं होतं, "आई, एक जरी विंचुका दिसली तर मी आल्या पावली परत जाईन. मग पुन्हा पोरीला घेऊन यायची नाही." सातुर्निनाने नातीचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. तिने सगळं घर पुन्हा लिंपून काढलं.

नोएमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातुर्निनाच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला. मी धावले. नोएमी बोचकं बांधत होती. बाळाच्या दुपट्यावर विंचुका सापडली होती. नशीब, बाळाच्या अंगावर चाव्याची खूण नव्हती.

"भिंतीत एक भेग दाखव!" सातुर्निना रडकुंडीला आली होती.

"भिंतीचं सोडा, आई. हे काय पाळलंय तुम्ही?" नोएमीने चुलीकडे बोट दाखवलं. तिथे गिनीपिग लसूणघास कुरतडत होते. आमच्याकडे ते सगळ्यांच्याच चुलीजवळ असतात, माझ्याही.

"ते तर राखणदार आहेत गं! विंचुका आली की ओरडून जागं करतात."

"चावते म्हणून ओरडतात!" नोएमीने खालचं गवत उचललं. भिंतीच्या तळाशी विंचुका दाटीवाटीने बसल्या होत्या, रक्त पिऊन टम्म फुगलेल्या. मला आधी माझी चूल आठवली, हे कबूल करते.

सातुर्निनाने गिनीपिग टोपलीत भरले आणि परसाच्या पार टोकाला, दगडी कुंपणाशी नेऊन सोडले. मग कोपऱ्यातलं सगळं गवत जाळलं आणि उकळत्या पाण्याने तो कोपरा धुतला. ते पाहून नोएमीने हळूहळू बोचकं सोडलं. बाळाला सासूच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "घ्या. ही राहतेय."

आता तरी बाई हसेल असं मला वाटलं. पण नातीला मांडीवर घेऊन ती नुसतीच रिकाम्या कोपऱ्याकडे बघत बसली.

"अगं, जिंकलीस ना तू? मग असं तोंड का?"

"कासिमिरोला शेवटी शेवटी थंडी सोसेना," ती म्हणाली. "ऊब मिळावी, राखण व्हावी, म्हणून मी गिनीपिगांना त्याच्या खाटेखाली ठेवत होते."

मी तिच्या शेजारी टेकले आणि म्हणाले, "त्याला लहानपणीच विंचुका चावली असेल गं. त्याच्या आईच्या घरी."

"असेल," ती म्हणाली, पण माझ्याकडे बघितलं नाही.