दगडूअण्णांची चौदा नंबरची रेकॉर्ड

रेकॉर्ड लावायच्या आधी दगडूअण्णा चपला काढायचे. टोपी खुंटीला अडकवायचे, हात धुऊन पंच्याला कोरडे करायचे आणि मग तबकडी कडेनं धरून दारातल्या उन्हात तिरकी करायचे. "हितं गानं दमतंय, हितं पुन्यांदा उठतंय," असं बोट न टेकवता दाखवायचे. मी नगरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. रेकॉर्डच्या रेघांत चढा आवाज आणि हळू आवाज वेगळा दिसतो, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण नुसत्या रेघा बघून गाणं गुणगुणणारा माणूस बघून मी तोंडात बोटं घातली.

अण्णा देवळाली प्रवरेचे स्पीकरवाले. आसपासच्या गावांतलं लग्न त्यांच्या कर्ण्यांशिवाय लागत नसे. पुढे डीजे आले, कर्णे माळ्यावर गेले, पण रेकॉर्डी अण्णांनी रिठ्याच्या पाण्यानं धुऊन, मलमलीत गुंडाळून जपल्या. त्यांना कसलीच घाई चालत नसे. "ज्याला घाई हाय त्यानं रेडिओ ऐकावा," म्हणायचे.

माझं वेड निराळं. ऐंशीच्या दशकातलं विलायती न्यू वेव्ह संगीत, सिंथेसायझर आणि कोरड्या ठोक्यांच्या ड्रमचं. त्यातही एखादीच रेकॉर्ड काढून गायब झालेले बँड मला लागतात. बायको ह्या सगळ्याला भंगार म्हणते. तसला माल देवळालीत असेल असं कुणी म्हटलं असतं तर मी हसलो असतो. मी आपला जुना ॲम्प्लिफायर बघायला गेलो होतो. अण्णांनी पलंगाखालून एक पत्र्याची पेटी ओढली. साखर कारखान्यावर यंत्रं बसवायला आलेला एक गोरा इंजिनिअर जाताना ती त्यांना देऊन गेला होता. आत अठरा रेकॉर्डी होत्या. त्यांतल्या काहींची नावं मी फक्त इंटरनेटवरच्या याद्यांत वाचली होती. मी एकेक कव्हर उचलून उजेडात बघू लागलो.

"सगळ्या न्या," अण्णा म्हणाले. "ऐकनारा घावला, लई झालं. फकस्त चौदा नंबर न्हाई."

आता मला चौदा नंबरच हवी होती, हे सांगायला नको. करड्या कव्हरवर एक त्रिकोण, बास. त्या बँडनं आयुष्यात दोनच रेकॉर्डी काढल्या आणि ही त्यातली पहिली. मी किती वर्षं तिच्या मागावर होतो! अण्णांनी ती लावली. जड पावलं टाकल्यासारखा ड्रम सुरू झाला आणि एक पुरुष खोल, घोगऱ्या आवाजात कण्हू लागला. शब्द एक कळेना.

लग्नात नवरी वाटेला लागली की वायरी गुंडाळताना अण्णा हे गाणं लावायचे. "आमचं कुटुंब गेलं तवा मला ह्यानंच सोबत केली," ते म्हणाले. बायकोबद्दल ते एवढंच बोलले. हा गाणारा माणूस कोण, त्याचं काय हरवलंय, तो कशासाठी रडतोय, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. कारखान्यातल्या साहेबांना विचारून झालं. शाळेतल्या इंग्रजीच्या मास्तरांनी दुपारभर ऐकून ही इंग्रजी नव्हेच असा निकाल दिला. "तुमी सांगा सर, आन् खुशाल घिऊन जा," अण्णा म्हणाले.

शब्द का कळत नाहीत ते मला पहिल्या मिनिटालाच कळलं होतं. स्पीकरवाल्यांचा नियम सरळ होता, मोठी तबकडी तेहतीसच्या वेगावर, बारकी पंचेचाळीसच्या. ही मोठी असूनही पंचेचाळीसची होती. लग्नाच्या धांदलीत पटकन सापडावी म्हणून अण्णांनी लेबलावर नंबराची चिठ्ठी डकवलेली, आणि वेगाचा आकडा नेमका तिच्याखाली झाकलेला. गेली चाळीस वर्षं ती हळू फिरत होती, म्हणून आवाज असा खोल आणि घोगरा व्हायचा. तो माणूस जगात नव्हताच.

तीन रविवार मी गप्प बसलो. म्हाताऱ्याचा सोबती आपण कसा हिरावून घ्यायचा? पण लोभ वाईट. दयामाया नसलेल्या माणसागत मी चौथ्या रविवारी सगळं बोलून टाकलं. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लावा."

मी खटका पंचेचाळीसवर नेला. ड्रम टुणटुणत निघाला आणि एक कोवळी पोरगी गाऊ लागली. शब्द लख्ख कळत होते. ती कुणाच्या तरी सायकलवर मागं बसून समुद्राकडे चालली होती, आणि वारं तोंडात शिरत होतं म्हणून मधूनच हसत होती. मी अण्णांना ओळ न् ओळ सांगितली. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा.

"म्हंजे कुनी रडतच न्हवतं?"

"नाही, अण्णा."

त्यांनी सुई उचलून बाजूला ठेवली आणि डोळे पुसत म्हणाले, "बरं झालं, सर. चाळीस वर्सं जिवाला घोर हुता त्याचा."

आपला एवढा आधार गेला, तरी हा माणूस कुणीतरी सुखात आहे म्हणून खूश होत होता. पदव्या घेतलेला मी त्यांच्यापुढे अगदी बारका झालो. अण्णांनी रेकॉर्ड मलमलीत गुंडाळली आणि दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली.

गेल्या उन्हाळ्यात अण्णा गेले. त्यांच्या दहाव्याहून परतल्यावर मी चपला काढल्या, हात धुतले आणि चौदा नंबर लावली. पोरगी हसली. मग काय वाटलं कोण जाणे, मी खटका तेहतीसवर आणला. तो माणूस आला. त्याच जड पावलांनी, तसाच कण्हत. त्याचं काही हरवलेलं नाही हे मला चांगलं ठाऊक होतं, तो नाहीच हेही ठाऊक होतं. पण मधेच सुई उचलवेना. गाणं संपेपर्यंत मी त्याच्याजवळ बसून राहिलो.