मडगार्डवर बसलेली मुलगी

ही गोष्ट मी पुष्कळदा सांगितली आहे. पण जशी घडली तशी—एकदाही नाही. बायकोलाही नाही. ती स्वतः शिक्षिका आहे, अर्ध्या वाक्यात तिला सगळं कळलं असतं. कदाचित म्हणूनच नाही.

मी प्राथमिक शिक्षक. आता नाशिकला असतो, शिक्षकांना प्रशिक्षण देतो. विषय काय? लहान मुलांना स्वतःची गोष्ट आत्मविश्वासाने सांगायला कसं शिकवावं. या विषयात माझं नाव घेतात. लांबलांबच्या तालुक्यांतून बोलावणी येतात. मी जातो.

आधी लासलगावच्या अलीकडे एका छोट्या गावात होतो. चौथीचा वर्ग. शनिवारचा शेवटचा तास गोष्टीचा—पण पुस्तकातली चालायची नाही, स्वतःची हवी. सांगणाऱ्यानं माझ्या खुर्चीत बसायचं, मी खाली पोरांत. आणि एकच नियम: कुणी सांगत असताना 'खोटं, खोटं' असं ओरडायचं नाही. सुरुवातीला पोरं म्हणायची, "आमची गाय व्याली." झालं, संपली गोष्ट. मग मी विचारायचो—तू कुठं उभा होतास? आई काय म्हणाली? अंधार होता का रे? हळूहळू तोंडं उघडली. हे मला जमायचं. खरंच जमायचं—आणि तेच तर वाईट आहे.

दीपाली सगळ्यात उशिरा बोलली. लाजरी नव्हती, सावध होती. "माझ्याकडं नाय गोष्ट," म्हणायची. मी मागे लागलो नाही. आणि एका शनिवारी ती आपणहून खुर्चीत येऊन बसली.

ती पप्पांबरोबर कांदा विकायला मार्केटला गेली होती, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून. लिलावात भाव चांगला निघाला. पप्पांनी खुशीत भेळ घेऊन दिली. मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर ट्रॉली खाली करायला नेली—वरचा मोठा, गोल कांदा घरंगळला आणि खालून निघाली गोल्टी. बारका कांदा. खळ्यावरचा माणूस पप्पांच्या अंगावर ओरडला, "काय रे ए, आंधळा समजतो का मला?" आणि पप्पांनी हात जोडले.

"आमचे पप्पा कोनापुढं हात जोडत नाय," दीपाली म्हणाली. "देवापुढं बी आईच जोडते."

पोरं हसली. ती हसली नाही. "मी तिथंच मडगार्डवर व्हते. पप्पांनी माझ्याकडं पाह्यलंच नाय. मंग मी भेळ फेकून दिली."

माझ्या अंगावर काटा आला. आणि त्याच क्षणी—इथे पेन अडतंय—मला साहेब आठवले. पुढच्या आठवड्यात अधिकारी शाळा बघायला येणार होते, पालकांनाही बोलावलं होतं. माझ्या उपक्रमाचं कौतुक व्हायचं होतं. मी तास संपल्यावर तिला थांबवलं. "हीच सांगायची त्या दिवशी."

"सर, पप्पा येतील ना तिथं?"

"येऊ दे की."

"मी मांजरीची सांगू का?"

"मांजरीची सगळेच सांगतात."

तिला कळत होतं काय होईल ते. मला कळत नव्हतं? मग मी तिच्या नजरेला नजर का दिली नाही? "खऱ्या गोष्टीला भ्यायचं नसतं," एवढं म्हणालो आणि खडू गोळा करत बसलो.

त्या दिवशी तिनं गोष्ट सांगितली. सुंदर सांगितली. गोल्टी निघाली तसे मागे बसलेले बापे फिदीफिदी हसायला लागले—ज्यांनी कधी ना कधी तेच केलं होतं, तेच. "काय सोपान, वरून कीर्तन न्‌ खालून गोल्टी!" कुणीतरी ओरडलं. सोपानराव, तिचे वडील, उठून उभे राहिले. पोरीवर ओरडले नाहीत. माझ्याकडे बघितलं.

"सर, हे तुमी सांगायला लावलं का तिला?"

साहेब खुर्चीतून माझ्याकडे बघत होते. 'हो' म्हणायचं होतं. दुसरं काही लागत नव्हतं.

"नाही हो सोपानराव," मी म्हणालो. "मलाही आत्ताच कळतंय. पोरंच ती—रचून सांगतात काहीबाही."

गोष्ट खरी आहे हे सोपानरावांना माहीत होतं. हसणाऱ्यांनाही माहीत होतं. तरी कुणी काही बोललं नाही, कारण माझं वाक्य सगळ्यांच्याच सोयीचं होतं. त्यांची अब्रू झाकली गेली, साहेबांचा कार्यक्रम निभावला, माझं नाव राहिलं. त्यासाठी फक्त एक पोरगी खोटारडी ठरायला हवी होती. आणि मी तेवढ्यावरही थांबलो नाही. कुणी विचारलं नव्हतं, तरी म्हणालो, "दीपाली, असं खोटं बोलू नये. चल, माफी माग."

मला वाटलं, ती वडिलांकडे वळेल. ती माझ्याकडे वळली.

"चुकलं सर," म्हणाली.

पुढे पोरं तिला थापाडी म्हणायला लागली. मी ऐकत होतो. शनिवारी तिची पाळी आली की ती नुसती मान हलवायची, आणि मी—मुलांना बोलतं करणारा मी—लगेच पुढच्या पोराचं नाव घ्यायचो. बदली झाली तेव्हा सुटल्यासारखं वाटलं.

प्रशिक्षणात मी दीपालीचीच गोष्ट सांगतो. खुर्ची, भेळ, मडगार्ड—सगळं जसंच्या तसं. फक्त शेवट माझा. माझ्या गोष्टीत सोपानराव उठतात, चालत पुढे येतात आणि पोरीला जवळ घेतात. इतक्यांदा सांगितलंय की त्यांचे भरून आलेले डोळे आता मला दिसतातसुद्धा. सभागृह गहिवरतं. गहिवरतंच दर वेळी.

गेल्या महिन्यात सुरगाण्याकडच्या एका तरुण मास्तरांनी हात वर केला. "सर, ती मुलगी आता काय करते?"

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मला माहीत नाही ती काय करते. कुठे दिली, शिकली का, काहीच माहीत नाही. नाशिकहून एसटी थेट त्या गावच्या फाट्यावर सोडते. मी कधी उतरलो नाही.

"शिक्षिका आहे," मी म्हणालो. "मुलांना बोलतं करते."

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या एक बाई पदरानं डोळे टिपत होत्या. मी घोटभर पाणी प्यायलो आणि पुढची स्लाइड लावली.