शिव्या गाळून निरोप

माझी पहिली नोकरी दोन सख्ख्या भावांच्या अबोल्यावर उभी होती. अबोला संपला असता तर मी घरी बसले असते. त्यामुळे गणपतीपुळ्याला गेले की लोक देवाकडे काय काय मागायचे आणि मी हात जोडून म्हणायचे, बाप्पा, या दोघांना एवढ्यात सुबुद्धी देऊ नको. पाप लागलं असेल तर लागो.

अठ्ठ्याण्णव साली मी बी.कॉम. झाले, कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स केला आणि रत्नागिरीच्या एमआयडीसीतल्या एका कॅनिंग फॅक्टरीत चिकटले. हापूसचा रस काढायचा, शिजवायचा, डब्यांत भरायचा आणि परदेशी पाठवायचा, हा धंदा. मालक दोन भाऊ. थोरले रस काढण्याचं बघायचे, धाकटे विकण्याचं. एकावाचून दुसऱ्याचं पान हलत नव्हतं आणि दोघं एकमेकांशी अक्षर बोलत नव्हते. का, असं विचारलंत तर गावातले चार जण पाच कारणं सांगायचे. कुणी म्हणे विहिरीवरच्या पंपावरून, कुणी म्हणे मुंजीचं आमंत्रण उशिरा गेलं म्हणून, आणि कुणी म्हणे बायकांमुळे. बायकांमुळे हे कारण आमच्याकडे कशालाही चालतं.

थोरल्यांची केबिन पॅसेजच्या या टोकाला, धाकट्यांची त्या टोकाला, आणि मध्ये येण्याजाण्याच्या वाटेत माझं टेबल. माझ्याआधी तिथे एक हेडक्लार्क बसायचे. तोंडातून कधी वाकडा शब्द गेला नाही, फार गोड माणूस, असं सगळे सांगायचे. ते वारले म्हणून जागा रिकामी झाली होती. मला घेतलं कॉम्प्युटरसाठी, पण दुसऱ्याच दिवशी थोरल्यांनी हाक मारली.

"काय गो, त्या शिंच्याला जाऊन सांग, डबे उद्या मिळायचे नाहीत. फॅक्टरी काय तुझ्या बापाची आहे काय, म्हणावं."

बाप एकच होता, हे त्यांच्या लक्षात यायचं नाही. मी पॅसेज ओलांडला आणि धाकट्यांना म्हटलं, "साहेब, डबे उद्याऐवजी परवा मिळतील असं शेठ म्हणतात."

"त्या म्हाताऱ्याला म्हणावं, गिऱ्हाईक काय तुझा जावई लागतो थांबून राहायला?"

मी परत आले आणि म्हटलं, "परवा सकाळपर्यंत चालेल म्हणतात."

झालं. माझी नोकरी तिथेच पक्की झाली. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात तो हा. शिव्या गाळायच्या, कामाचं तेवढं पोचवायचं, दोन्हीकडून येणारा चहा प्यायचा. घरी आईची अट होती, नोकरी आहे तोवर लग्नाचा विषय काढणार नाही; नोकरी गेली की जे स्थळ येईल त्याच्याबरोबर मुकाट मुंबईला जायचं. मला मुंबईला मरायला जायचं नव्हतं. मला माझ्या पगाराची स्कूटर घ्यायची होती आणि भाट्याच्या पुलावरून सुसाट न्यायची होती. तेव्हा या दोघांनी आजन्म एकमेकांचं तोंड बघू नये, अशी माझी मनापासून इच्छा होती.

कॉम्प्युटरही मालकांच्या वळणावर गेलेले. थोरल्यांकडे डॉसवरचा जुना प्रोग्राम. काळा पडदा, हिरवी अक्षरं, माऊस वगैरे थेरं नाहीत. आंबा किती आला, अढीत पिकत किती आहे, कुठल्या दिवशीचा रस कुठल्या बॅचमध्ये गेला, सगळं त्यात. तो लिहिणारा माणूस चिपळूणचा, पुढे दुबईला गेला, म्हणजे बिघडला तर तारणारा देवच. पण बिघडायचा नाही मेला. काही वर्षांनी धाकट्यांनी पुण्याच्या एका कंपनीकडून नवं सॉफ्टवेअर आणलं. रंगीत खिडक्या, परदेशी ऑर्डरी, बिलं, कस्टमचे कागद, सगळं एका क्लिकवर. फक्त पाठवायचा डबा कुठल्या बॅचचा हे त्या शहाण्याला ठाऊक नसायचं, कारण ते थोरल्यांच्या काळ्या पडद्यात. दोन्ही मशीनांना एकमेकांची भाषा कळत नव्हती आणि शिकवायला कुणाला परवानगी नव्हती.

मग काय, मीच. थोरल्यांच्या मशीनवरून करकरणाऱ्या प्रिंटरवर कागद छापायचा, तो घेऊन पॅसेजमधून जायचं आणि धाकट्यांच्या मशीनमध्ये टाइप करायचा. आधी लॅबचा रिपोर्ट, मग बॅच, मग लेबल, मग ट्रक. क्रम चुकला की माल बंदरात अडकलाच म्हणून समजा. हा क्रम माझ्या डोक्यात होता, लिहिलेला कुठेच नव्हता, आणि लिहून ठेवायला मी काय मूर्ख होते?

दोन हजार चारच्या सुमारास, आंब्याचा हंगाम सुरू होण्याआधी, त्या पुण्याच्या कंपनीने एक तरुण पाठवला. टायबिय बांधून आलेला. पॅसेजमध्ये घाम पुसत उभा राहून म्हणाला, "दोन दोन सिस्टिम कशाला? एकच करून टाकू."

थोरले म्हणाले, "हा काळा पडदा माझ्या तिरडीबरोबर जाईल. त्याच्या आधी नाही."

धाकटे म्हणाले, "त्याचं खरकटं माझ्या मशीनमध्ये नको."

मी त्या पोराला बाहेर येऊन सांगितलं की दोघांचीही सध्या तयारी दिसत नाही. त्याने मान हलवली, कागद घेतला, दोन चौकोन काढले आणि मध्ये एक आडवा पट्टा ओढला. "मग मॅडम, मध्ये एक थर टाकू. ऑर्केस्ट्रेशन लेयर."

ऑर्केस्ट्रा मला गणेशोत्सवातला तेवढा ठाऊक. मी म्हटलं, "तो काय करणार?"

"दोन्ही सिस्टिम आहेत तशाच राहतील. हा मधला थर एकाचं म्हणणं दुसऱ्याच्या भाषेत सांगेल, उत्तर घेऊन येईल. समोरचा बंद असेल तर दारात थांबेल, थोड्या वेळाने परत विचारेल. कुठलं काम आधी, कुठलं नंतर, तेही तोच बघेल. आणि या दोघांना एकमेकांची ओळखसुद्धा असायची गरज नाही."

"म्हणजे मीच की हो," मी म्हटलं.

तो हसला. मला कसलं हसू येतंय!

मग तो माझ्या शेजारी स्टूल टाकून बसला आणि माझं काम मलाच विचारायला लागला. सुरुवातीला मी ताकास तूर लागू दिली नाही. अमुक कसं करता? होतं आपलं. तमुक कुठून कळतं? येतं सवयीने. मग एक दिवस तो म्हणाला, "मॅडम, एवढं सगळं तुम्ही एकट्या सांभाळता?" संपलं. कौतुकाला मी जन्मभर बळी पडत आलेय. तासाभरात सगळं ओकून मोकळी झाले.

एक गोष्ट मात्र मी त्याला बजावली. ऑर्डर पुढेमागे झाली तर कारण लिहायला शेऱ्याचा रकाना होता. म्हटलं, "बाकी काय हवं ते पाठव बाबा, पण तो शेरा जसाच्या तसा पाठवू नकोस."

"मॅडम, मधल्या थराने मजकुरात ढवळाढवळ करायची नसते. आलं तसं पोचवायचं. तोच तर त्याचा गुण."

"बरं," मी म्हटलं. "पोचव. हौस फिटेल."

मधला थर सुरू झाला. तो पोरगा पुण्याला गेला. मी टेबलाशी माशा मारत बसले. ऑर्डर धाकट्यांच्या मशीनमधून निघायची, थोरल्यांच्या मशीनमध्ये उगवायची, उत्तर घेऊन परत जायची, आणि माझ्या वाटेला नुसता चहा. तोही आता एकाच बाजूने यायला लागला होता. हंगाम संपेपर्यंत ठेवतील आणि मग नारळ देतील, असा माझा हिशेब होता.

आणि ऐन हंगामात, ढिगाने आंबा येऊन पडलेला असताना, धाकट्यांनी परदेशच्या एका ऑर्डरीसाठी थोरल्यांच्या मशीनला तगादा लावला. थोरल्यांनी सवयीप्रमाणे मला हाक मारली नाही, कारण आता हाक मारायचं कारणच नव्हतं. पडद्यावर शेऱ्याचा रकाना लुकलुकत होता. त्यांनी एका बोटाने, इंग्रजी अक्षरांत मराठी, जे मनात आलं ते ठोकलं: "शिंच्या, अढी काय तुझ्या हुकमाने पिकते काय? त्या गोऱ्यांना म्हणावं तोवर कैऱ्या चोखा. तूही चोख."

आणि बटण दाबलं.

मधल्या थराने ढवळाढवळ केली नाही.

मी पाहिलं ते एवढंच, की धाकट्यांचं दार उघडलं आणि ते माझ्या टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले. इतक्या वर्षांत ते माझ्या टेबलाच्या पलीकडे कधी गेलेले नव्हते. मग जो काय गोंधळ सुरू झाला म्हणता! आंबे सोलणाऱ्या बाया कोपरापर्यंत रसाने माखलेले हात घेऊन पॅसेजमध्ये जमल्या. "काय झाला गो?" "दोगव बोलतत!" गोष्ट कैरीवरून पंपावर गेली, पंपावरून मुंजीवर, आणि मुंजीवरून थोरल्यांच्या तोंडून एकदम बाहेर पडलं, "आई मरत होती तेव्हा कुठे होतास? प्रेत उचलल्यावर आलास!"

त्या वेळी धाकटे मुंबईच्या ऑफिसात असायचे. अबोला तेव्हाही होताच, म्हणून थोरल्यांनी माझ्याआधीच्या त्या हेडक्लार्कला फोन लावायला सांगितलं होतं.

"मला निरोप काय आला?" धाकटे ओरडले. "आईंना जरा बरं नाही, सवडीने येऊन जा!"

"सवडीने? मी सवडीने म्हणेन? मी सांगितलं, त्या गाढवाला म्हणावं, असशील तसा नीघ, नाहीतर आई दिसायची नाही तुला!"

"मला यातलं काही आलं नाही," धाकटे म्हणाले. या वेळी ओरडून नव्हे.

त्या गोड माणसाने भाषा साफ करता करता काय गाळलं, ते माझ्याही डोक्यात शिरलं. आणि दोघं भाऊ दारातून माझ्याकडे बघायला लागले. मला सहन होईना. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघता? मी तेव्हा कॉलेजात होते."

धाकटे आपल्या केबिनमध्ये गेले आणि दार लोटून घेतलं. बाया पांगल्या. थोड्या वेळाने थोरल्यांनी हाक मारली.

"तो मधला प्रोग्राम बंद कर. त्या पुणेकराला कळव. उद्यापासून निरोप तूच नेत जा. पूर्वीसारखं."

माझ्या मनाने टुणकन उडी मारली. नोकरी राहिली! मुंबई टळली! मी बरं म्हणून वळले, तर म्हणाले, "थांब. एक आत्ताच ने."

खिडकीबाहेर आंब्याच्या क्रेटी उतरवत होते तिकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्या गाढवाला सांग, आई शेवटपर्यंत तुझंच नाव घेत होती. माझं एकदाही घेतलं नाही. मी उशाशी बसलो होतो, शिंच्या."

मी पॅसेजमध्ये आले. जीभ इतकी सरावलेली की चालता चालता वाक्य तयार झालं: आईंना तुमची फार आठवण येत होती, असं शेठ म्हणतात. स्वच्छ, गुळगुळीत वाक्य. हे सांगितलं असतं तर धाकट्यांनी मान हलवली असती, दोन्ही दारं पुन्हा बंद झाली असती, आणि मी निवृत्त होईपर्यंत त्या टेबलाशी सुखाने बसले असते. मला ते हवंही होतं. खोटं कशाला बोलू?

मी धाकट्यांचं दार ढकललं.

"गाढवा," मी म्हटलं, "आई शेवटपर्यंत तुझंच नाव घेत होती. माझं एकदाही घेतलं नाही. मी उशाशी बसलो होतो, शिंच्या."

धाकटे माझ्याकडे बघतच राहिले.

"हे तो म्हणाला?"

"हो."

"असंच?"

"असंच. मी काही गाळलेलं नाही."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. टेबलाखाली पायानेच चपला शोधल्या, एक सापडली, दुसरी सापडेना, तसेच उठले. मी आपली सवयीने विचारून गेले, "काय सांगू त्यांना?"

"तू आता काही सांगू नकोस," ते म्हणाले. "मी जातो."

आणि ते एका पायात चप्पल घालून पॅसेजमधून गेले. माझी नोकरी संपली हे मला तिथल्या तिथे कळलं. मी त्यांच्या रिकाम्या खुर्चीसमोर उभी राहून चांगलं भोकाड पसरलं, आणि देवाशप्पथ सांगते, ते नोकरीसाठी नव्हतं.